सात-बारा कागदावर, सात-नऊ पाइपात

मॉलमधल्या विजेचा विषय निघाला की लोक दिव्यांकडे बोट दाखवतात. दिवे, सरकते जिने, काचेच्या लिफ्ट हे सगळं डोळ्यांपुढे असतं. बिलातला निम्म्याच्या आसपास वाटा मात्र कुणाला न दिसणाऱ्या एसी प्लांटचा असतो: पाणी थंड करणारे चिलर, ते फिरवणारे पंप, उष्णता बाहेर सोडणारे कूलिंग टॉवर आणि मजल्यामजल्यावर हवा ढकलणारे एएचयू. मी पुण्यातल्या एका मॉलचा टेक्निकल विभाग सांभाळते. इमारत जुनी. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 साली आली, आमचा नकाशा त्याच्या आधीच पास झालेला. पश्चिमेला अख्खी काच आहे. त्या काळी तीच फॅशन होती आणि दुपारी तीननंतर ती फॅशन आम्हाला दर वर्षी भोवते.

ऊर्जा ऑडिट, म्हणजे वीज कुठे किती जाते याची तपासणी, करायचं ठरलं ते पर्यावरणाच्या कळवळ्यातून नव्हे. मालकांना तिसरा चिलर घ्यायचा होता. मे महिन्यातल्या शनिवारी संध्याकाळी दोन्ही चिलर चालवूनही दुसऱ्या मजल्यावरचे दुकानदार मला अडवून विचारायचे, "ताई, एसी चालू आहे की नुसता पंखा?" चिलरचं कोटेशन आलं, आकडा बघून बैठकीत शांतता पसरली. संचालकांमध्ये एक जुने सीए आहेत. ते म्हणाले, "आहेत ते दोन पुरते वापरले जातात का, हे आधी कुणीतरी मोजून सांगा. मग तिसऱ्याचं बघू." त्यांचं यंत्रांबद्दलचं ज्ञान बेताचंच आहे, पण प्रश्न बरोबर होता. बीईईची, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची, परीक्षा पास झालेले एक प्रमाणित ऑडिटर आणि त्यांची दोन पोरं आमच्याकडे येऊ लागली ती तेव्हापासून.

त्यांनी सुरुवात केली ती बिलांपासून. एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, ग्राहकाचं महावितरणचं बिल मी दर महिन्याला बघतच होते, पण ते ज्या क्रमाने वाचत गेले तो क्रम सांगण्यासारखा आहे. आधी कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे करारात ठरलेली मागणीची मर्यादा, आणि प्रत्यक्षातली कमाल मागणी. मग केव्हीएएच (ओढलेली एकूण वीज) आणि केडब्ल्यूएच (त्यातली प्रत्यक्ष कामाला आलेली) यांतला फरक, कारण 1 एप्रिल 2020 पासून एचटीचं बिल केव्हीएएचवर येतं. पॉवर फॅक्टर, म्हणजे या दोहोंचं गुणोत्तर, घसरला तर आता वेगळा दंड दिसत नाही, युनिटच फुगतात. पॉवर फॅक्टर आपोआप सावरणाऱ्या आमच्या एपीएफसी पॅनलमधले काही कपॅसिटर मेलेले निघाले, ते लगेच बदलले. मग वेळेनुसार दर. तेव्हाच्या दररचनेत संध्याकाळी 6 ते रात्री 10 या वेळात युनिटमागे 1 रुपया 10 पैसे जादा लागायचे. मॉलचा धंदाच त्या चार तासांचा. कारखानदार रात्रपाळी लावून वाचू शकतो. आम्ही काय गिऱ्हाइकाला पहाटे चारला जेवायला बोलावणार?

मग त्यांनी 2020 सालच्या लॉकडाऊनमधली बिलं मागितली. मला आधी कळेना, बंद मॉलच्या बिलात काय बघायचं. राज्यातले मॉल 5 ऑगस्ट 2020 ला पुन्हा उघडले, त्याआधीचे काही महिने आमच्याकडे सुपरमार्केट सोडलं तर सगळं बंद होतं. तरी ट्रान्सफॉर्मर तापत होते, सुपरमार्केटचे फ्रीझर चालू होते, तळघरातले पंप, सुरक्षेचे दिवे, सर्व्हर रूम. जवळपास गिऱ्हाईकच नसताना इमारत किती खाते, हा आकडा एरवी कुठल्याही मॉलला सहजी मिळत नाही. आम्हाला तो महामारीने आयता दिला. त्यात तळघरातल्या पार्किंगचे एक्झॉस्ट पंखेही होते. जवळपास गाड्याच नसताना ते टायमरवर इमानेइतबारे फिरत राहिले होते. पुढे तिथे कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर लावले. आता धूर वाढला तर पंखे वाढतात, नाहीतर पडून राहतात. सगळ्या कामांत हे सगळ्यात सोपं, आणि यावर कुणी वादही घातला नाही.

खरी गंमत प्लांट रूममध्ये. चिलरमधून थंड पाणी 7 अंशांना निघतं, इमारतभर फिरून, दुकानांमधली उष्णता घेऊन 12 अंशांना परत येतं, असं आमचं डिझाइन. ऑपरेटर मंडळी याला सात-बारा म्हणतात. लॉगशीट बघावी तर तासातासाला 7 आणि 12, 7 आणि 12, रात्री बारालाही, दिवाळीतही. ऑडिटरसरांनी लॉगशीट चाळून बाजूला ठेवली आणि विचारलं, "पाइपवरचा थर्मामीटर शेवटचा कधी बदलला?" आमच्या ऑपरेटरकाकांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "सर, तो तर फुटलाय. आम्ही पाइपला हात लावून सांगतो." त्यांचा हात खोटा नव्हता, पाणी गार आहे एवढं तो बरोबर सांगायचा. किती गार, हे हाताला सांगता येत नाही.

ऑडिटरच्या पोरांनी पाइपवरचं इन्सुलेशन वीतभर कापलं, लोखंड घासून चकचकीत केलं, त्यावर जेल लावून अल्ट्रासॉनिक फ्लो मीटरचे दोन सेन्सर बांधले. पाइप न कापता आतून किती पाणी वाहतंय ते हा मीटर सांगतो. जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही पाइपांवर डिजिटल प्रोब लावले, चिलरच्या केबलींना पॉवर ॲनालायझर. मग सगळे स्टुलावर बसून आकडे स्थिर व्हायची वाट बघत होते. जाणारं पाणी 7. येणारं 9, क्वचित साडेनऊ. बारा कुठेच नाही.

याचा अर्थ लक्षात यायला गणित करावं लागतं, आणि ते फार अवघड नाही. तासाला 300 घनमीटर पाणी फिरतंय आणि त्यात 5 अंशांचा फरक आहे, तर जवळपास 500 टन एसी होतो. तेवढ्याच पाण्यात फरक 2 अंशांचाच असेल तर 200 टनसुद्धा भरत नाही. पंप मात्र दोन्ही वेळी तितकंच पाणी ढकलतात आणि तितकीच वीज खातात. आमचं तेच चाललं होतं. पाणी इमारतीत फेरफटका मारून न तापताच परत येत होतं. पाण्याचा प्रवाह एका चिलरच्या आवाक्याबाहेर गेला की दुसरा चालू करावा लागे, मग दोन्ही अर्धपोटी चालत. अर्धपोटी चालणारा जुना चिलर टनामागे वीजही जास्त ओढतो. तिसरा चिलर आला असता तर तोही त्यांच्या पंगतीला येऊन बसला असता.

पाणी गार का परततं, हे शोधायला आम्ही मजल्यांवर गेलो. मॉल बंद झाल्यावर, म्हणजे रात्री साडेदहानंतर. दुकानांच्या फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घालणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात धुळकट काम. प्रत्येक मोठ्या दुकानाचा स्वतःचा एएचयू असतो. त्याच्या पाण्याच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह, त्याच्या डोक्यावर ॲक्च्युएटर. दुकान पुरेसं गार झालं की थर्मोस्टॅट सांगतो, ॲक्च्युएटर व्हॉल्व्ह मिटवतो, पाणी थांबतं. आम्हाला काय दिसलं? कुठे ॲक्च्युएटर जळालेला, कुठे काढून माळ्यावर ठेवलेला, एका चपलांच्या दुकानात तर व्हॉल्व्हचा दांडा पूर्ण उघडून तारेने करकचून बांधलेला. मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, आधीच्या मॅनेजरने बांधलाय. गिऱ्हाईक घामाघूम झालं की ट्रायल न घेताच उठतं." भाडेकरू सोडून गेलेलं एक दुकान, शटरला कुलूप, आत पंखा बंद, आणि पाणी मात्र चोवीस तास पाइपातून येऊन-जाऊन असलेलं.

यात दुकानदारांना नावं ठेवून उपयोग नव्हता. आमच्या करारात दुकानातल्या दिव्यांची वीज सबमीटरवर, पण एसी मात्र कॅममध्ये, म्हणजे सामायिक देखभाल खर्चात, चौरस फुटावर वाटलेला. सोसायटीत पाणीपट्टी फ्लॅटमागे सारखी असली की गळका नळ कोण दुरुस्त करतो? ज्याने व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा त्याला त्यातून दमडी वाचणार नाही, आणि ज्याची वीज वाचणार त्या मॉलला दुकानाच्या छतात हात घालायचा हक्क नाही. ऑडिट अहवालात यंत्रांची पानंच्या पानं होती, पण माझ्या मते आमची वीज यंत्रांत नव्हे, या दोन हद्दींच्या मधल्या पट्ट्यात सांडत होती. ते पुढे पुन्हा पुन्हा दिसत गेलं.

उदाहरणार्थ, मुख्य दरवाजा. तळमजल्यावर दरवाज्यालगतच्या दुकानांची कायम तक्रार की इथे गार होतच नाही. दारावर हवेचा पडदा सोडणारं एअर कर्टन लावून झालं होतं, त्याचा कोन बदलून झाला होता. ऑडिटरसर आमच्या सिक्युरिटी गार्डला म्हणाले, "तुमच्या देव्हाऱ्यातली एक उदबत्ती द्या." काचेचं दार उघडल्यावर त्यांनी उदबत्ती उंबऱ्याशी धरली. धूर सरळ वर न जाता आडवा झाला आणि वेगाने आत धावला. मग त्यांनी ती वर, दाराच्या चौकटीपाशी धरली, तिथेही आत. गार हवा जड असते, ती खालून बाहेर सांडली असती तर समजण्यासारखं होतं. इथे वरखाली दोन्हीकडून बाहेरची ऊन हवा आत ओढली जात होती. इमारत श्वास घेत होती, पण सोडत होती कुठून?

सोडत होती फूड कोर्टमधून. वरच्या मजल्यावर प्रत्येक स्वयंपाकघराच्या चिमणीचा एक्झॉस्ट सकाळी दहाला चालू व्हायचा तो रात्री अकराला बंद, तवा पेटलेला असो वा नसो. जितकी हवा चिमणी बाहेर फेकते तितकी ताजी हवा आत सोडायला वेगळे पंखे असतात. ते होते. त्यांच्या फिल्टरवर तेलकट काळा थर इतका जाड साठला होता की त्यातून हवा जाणं अशक्यच. एक्झॉस्ट स्टॉलवाल्यांचा, ताज्या हवेचा पंखा मॉलचा, आणि फिल्टर कुणाचा यावर जुन्या मेल्सची एक लांबलचक माळ मला सापडली. तोवर चिमण्या आमची गार केलेली हवा पैसे मोजून आकाशात सोडत होत्या आणि तिची जागा भरायला मुख्य दरवाज्यातून नगर रस्त्याचं ऊन आत येत होतं.

फिल्टर आम्ही घेतले, भांडण तिथेच मिटवलं. एक्झॉस्टच्या मोटरींवर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र, बसवून दुपारच्या सुस्त वेळात वेग कमी केला. पंख्याच्या बाबतीत वेग आणि वीज यांचं नातं फार उदार असतं: वेग 80 टक्के केला की वीज जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पंपांनाही हाच नियम. फक्त पंपांना व्हीएफडी लावून उपयोग व्हायचा तर दुकानातले व्हॉल्व्ह खरंच मिटायला हवेत; सगळे व्हॉल्व्ह सताड उघडे असले तर पंपाने वेग कमी कशाच्या जोरावर करायचा? कित्येक ठिकाणी व्हीएफडी बसवलेल्या असतात आणि वर्षभर 50 हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगानेच, चालतात. आमच्याकडेही आधीच्या एका कंत्राटदाराने बसवलेली एक तशीच निघाली.

गच्चीवर वेगळी कथा. उन्हाळ्यात आमचं बोअरचं पाणी पुरत नाही, टँकर येतात, त्या पाण्याचा क्षार काय वर्णावा. कूलिंग टॉवरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो आणि चिलरच्या कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, नळ्यांमध्ये बसतो. थर जाड तितकी उष्णता कमी जाते. कंडेन्सरमधला गॅस आणि बाहेर पडणारं पाणी यांच्या तापमानात नव्या यंत्रात दोनेक अंशांचा फरक असतो. आमच्याकडे तो सहाच्या पुढे गेला होता. ऑपरेटरकाकांनी कंडेन्सरचं झाकण उघडलं तेव्हा नळ्यांची तोंडं पांढरीफटक. ब्रश घातल्यावर सालपटं निघाली, अंड्याच्या कवचाएवढ्या जाडीची. काका गेली काही वर्षं डिस्केलिंगची, म्हणजे हा थर काढण्याची, मागणी रजिस्टरमध्ये लिहीत होते आणि ती दर बजेटमध्ये पुढे ढकलली जात होती. त्यांनी त्यातलं एक सालपट कागदात बांधून जीएम साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मंजुरी त्या आठवड्यात आली. त्यानंतर टॉवरच्या पाण्यासाठी पाणी मऊ करणारा सॉफ्टनर आणि ब्लोडाउनचा, म्हणजे फार खारट झालेलं पाणी सोडून देणारा, आपोआप चालणारा व्हॉल्व्ह बसवला.

टॉवर साफ असला तर पुण्याची हवा फार मदत करते, हे मला या कामात नव्याने उमगलं. एप्रिलमध्ये बाहेर भाजून निघत असलं तरी हवा कोरडी असते, टॉवरमधलं पाणी छान गार होतं. जुलैमध्ये बाहेर आल्हाददायक वाटतं आणि टॉवर मात्र रडतो, कारण दमट हवेत पाणी उडत नाही.

दिव्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कॉरिडॉरमध्ये एलईडी आधीच होते. कपड्यांच्या काही दुकानांत अजून जुने मेटल हॅलाइड स्पॉट होते; ते जितकी वीज खातात तितकी सगळी उष्णता होऊन आमच्याच एसीवर पडते, म्हणजे बिल दोनदा. पण कुठल्या ब्रँडच्या दुकानात कुठला दिवा लागणार हे दिल्ली-मुंबईची मुख्यालयं ठरवतात. इथला मॅनेजर स्वतःच्या मर्जीने एक बल्बही बदलू शकत नाही. नव्याने येणाऱ्या दुकानांच्या फिट-आउट, म्हणजे आतल्या सजावटीच्या, नियमांत आम्ही चौरस मीटरमागे वॅटची मर्यादा घातली, जुन्यांपुढे हात टेकले.

आणि तापमान. 2018 मध्ये केंद्राने मोठ्या इमारतींना एसी 24 अंशांवर ठेवायचा सल्ला दिला, एका अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते असं बीईई सांगते. आमची दुकानं 20 वर, काही 18 वर. कॉरिडॉरमध्ये आम्ही आठवड्याला अर्धा अंश असं करत 24 पर्यंत नेलं, कुणाला पत्ता लागला नाही. दुकानांमध्ये जिथे थर्मोस्टॅटचा आकडा काउंटरवरून दिसत होता, तिथून लगेच फोन आले. जिथे दिसत नव्हता, तिथून एकही नाही.

सगळ्यात अवघड होती ती दुकानदारांची बैठक. प्रस्ताव असा: प्रत्येक दुकानाच्या थंड पाण्याच्या लाइनवर बीटीयू मीटर लावायचा, जो पाण्याचा प्रवाह आणि आत-बाहेरच्या तापमानातला फरक मोजून किती थंडावा घेतला ते सांगतो. कॅममधून एसी वजा, त्याऐवजी मीटरप्रमाणे बिल. साडीच्या दुकानाचे एक ज्येष्ठ मालक उभे राहिले, "म्हणजे आता हवेचेही पैसे?" मी म्हटलं, "काका, हवेचे पैसे आजही देताय, फक्त शेजाऱ्याच्या हवेचेही देताय." हशा झाला, पण त्याने प्रश्न सुटला नाही. पश्चिमेच्या काचेलगतच्या दुकानदारांचा मुद्दा रास्त होता: इमारतीची काच तुम्ही लावली, ऊन आम्ही का भरायचं? शेवटी त्या काचेवर ऊन अडवणारी सोलर फिल्म मॉलने लावायची आणि त्या दुकानांना दरात सूट द्यायची, असं ठरलं. आमच्या सर्वांत मोठ्या अँकर स्टोअरने, म्हणजे मॉलकडे गर्दी खेचणाऱ्या मोठ्या दुकानाने, मात्र करार दाखवला. चौरस फुटाचा ठोक दर, नूतनीकरणापर्यंत अक्षरही बदलणार नाही. तिथे आम्ही स्वखर्चाने मीटर लावला, बिलासाठी नव्हे, निदान दिसावं म्हणून.

मीटर लागले तसे व्हॉल्व्ह दुरुस्त व्हायला लागले, आणि तेही आमच्या पाठपुराव्याविना. ज्या चपलांच्या दुकानात तार बांधलेली होती, त्याच मॅनेजरने पहिलं बिल आल्यावर स्वतःच्या खर्चाने ॲक्च्युएटर बसवला. परतीचं पाणी साडेदहा, अकरा असं चढत गेलं. एरवी एका चिलरवर दिवस निघू लागला. दुसरा मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी संध्याकाळी लागतो. तिसऱ्याच्या कोटेशनची मुदत संपली, कुणी नूतनीकरण मागितलं नाही.

बिलावर हे लगेच सगळं दिसलं नाही, हे नव्याने या वाटेला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. युनिट पहिल्याच महिन्यापासून उतरले. मागणी आकार, म्हणजे कमाल मागणीवर लागणारी रक्कम, मात्र मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वाधिक बिलिंग डिमांडच्या 75 टक्क्यांखाली उतरत नाही. डिसेंबरात आमची प्रत्यक्ष मागणी त्याखाली गेली होती, तरी बिल त्याआधीच्या मे महिन्याच्या हिशेबानेच आलं. सीए संचालकांना हे समजावताना मला घाम फुटला, आणि त्यांना समजल्यावर त्यांनी कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करायचा अर्ज एक उन्हाळा पार पडेपर्यंत थांबवायला लावला. ते शहाणपणाचं ठरलं, कारण पुढच्या मे महिन्यात उष्णतेची लाट आली आणि जुन्या मर्यादेच्या जवळ आम्ही एकदा पोचलोच. मर्यादा ओलांडली की जादा मागणीला दीडपट दर लागतो.

सध्या वाद पंपांच्या विजेवरून आहे. मीटर थंडावा मोजतो, पण तो दुकानापर्यंत पोचवणाऱ्या पंपांची वीज बीटीयूच्या दरात धरायची की कॅममध्ये ठेवायची? वरच्या मजल्याचे दुकानदार म्हणतात कॅममध्ये, तळमजल्याचे म्हणतात मीटरवर. ऑडिटरसरांना विचारलं तर म्हणाले, "हे इंजिनिअरिंग नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा." पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे, आणि साडीवाल्या काकांनी यावेळी स्वतःचं एक्सेल शीट आणायचं कळवलंय.